प्रणालीची नवी आवृत्ती आणि ध्वनिमुद्रणाची विश्वसनीयता : साउंड ड्रायव्हरच्या मांडणीविषयी

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील मराठीच्या स्वरांची तुलना करण्याचे काम एखाद्या संशोधकाने हाती घेतले आहे, अशी कल्पना करावी. उदगीर, निलंगा व अहमदपूर येथील निवेदकांची मुद्रणे त्याने हिवाळ्यात उरकली. त्यानंतर विभागातील संगणकावर युनिक्सवंशीय प्रणालीची नवी आवृत्ती बसविण्यात आली, आणि देगलूर, बिलोली व किनवट येथील निवेदकांची मुद्रणे उन्हाळ्यात त्याच संगणकावर झाली. पुढे मोजणी करताना असे आढळले की, नांदेडकडील सर्व निवेदकांच्या स्वरांचे फॉर्मन्ट लातूरकडील निवेदकांपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी खाली आहेत. बोलण्याचा वेग किंचित मंद आहे आणि आवाजाची पट्टीही खालची आहे. दोन जिल्ह्यांच्या मधून बोलीभेदाची एक सीमारेषा ओढण्याचा मोह अशा वेळी कोणासही होईल. तेलुगूच्या शेजाराचे कारण तर हाताशी तयारच आहे. वस्तुतः ही रेषा कोणत्याही गावाच्या शिवेवरून जात नाही. ती त्या संगणकाच्या आत, प्रणालीच्या जुन्या व नव्या आवृत्तीच्या मध्ये पडलेली आहे.

हा भेद कसा उत्पन्न होतो ते पाहण्याजोगे आहे. संगणक ध्वनी साठवितो तो अंकांच्या रूपाने. एका सेकंदात ध्वनिदाबाची ठरावीक वेळा मोजणी होते. या संख्येला नमुनादर म्हणतात. नमुनादर किती होता हे त्या अंकांवरून समजत नाही, ते फाइलीच्या शीर्षकात वेगळे नोंदावे लागते. आता यंत्र सेकंदाला ४८,००० नमुने घेत आहे आणि शीर्षकात मात्र ४४,१०० ही संख्या लिहिली गेली आहे असे समजू. मग एका सेकंदाचा उच्चार १.०८८ सेकंद वाजेल आणि त्यातील प्रत्येक कंपनसंख्या ०.९१८७५ पट होईल. १२० हर्ट्झची मूल कंपनसंख्या ११० वर येईल. ७०० हर्ट्झचा पहिला फॉर्मन्ट ६४३ वर येईल. हार्मोनियमच्या जवळजवळ दीड पट्टीइतका हा उतार आहे. ओळखीच्या माणसाचा आवाज असा ऐकला तर तो जरा जड वाटतो. अनोळखी निवेदकाच्या बाबतीत तेवढीही शंका येत नाही.

या प्रदेशाच्या बाबतीत अशी चूक विशेष महाग पडते. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. परंतु निजामाच्या हैदराबाद संस्थानात त्या पाहणीचे काम झाले नाही, आणि आजचे नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे त्या संस्थानात मोडत होते. इतर प्रांतांतील बोलींच्या अभ्यासकाला मागील शतकाच्या आरंभीचा जो पद्धतशीर आधार मिळतो तो येथील अभ्यासकाला मिळत नाही. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या प्रकल्पातून मराठीच्या बोलींचे मुद्रित नमुने सर्वांना उपलब्ध झाले, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही माहूर-किनवटकडील मराठी, गोंडी, कोलामी व बंजारा यांचा संपर्क, देगलूर-धर्माबादकडील तेलुगूचा शेजार, निलंगा-देवणीकडील कन्नडचा शेजार यांविषयीचे बरेचसे काम अद्याप व्हावयाचे आहे. त्यातच ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील अनेक गावे मूळ जागेवरून हलविली गेली. जुन्या गावठाणात ज्यांचे सारे आयुष्य गेले अशा वृद्धांचे बोलणे आज मुद्रित झाले तर झाले. दहा वर्षांनी ते पुन्हा मिळविण्याचा मार्ग उरणार नाही.

साउंड ड्रायव्हर म्हणजे काय, हे सांगण्यास देगलूरच्या बाजाराचाच दृष्टान्त सोयीचा आहे. तेलुगू बोलणारा व्यापारी आणि मराठी बोलणारा शेतकरी यांच्यामध्ये एखादा दुभाषी उभा असतो. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची भाषा येण्याचे कारण पडत नाही. ध्वनिपत्र, म्हणजे साउंड कार्ड, स्वतःच्या विद्युत्संकेतांत बोलते. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो आपल्या ठरावीक आज्ञांत बोलतो. ड्रायव्हर हा त्या दोहोंमधील दुभाषी होय. दुभाष्याला एक बाजू मुळीच कळली नाही तर व्यवहार थांबतो आणि दोष तत्काळ उघड होतो. परंतु त्याने एखादा शब्द गाळला, वा मणाचे किलो करताना हिशेबात गफलत केली, तर व्यवहार सुरळीत पार पडतो आणि दोघेही समाधानाने घरी जातात. प्रणालीची आवृत्ती बदलल्यावर आवाज अजिबात येईनासा झाला की संशोधक धावपळ करून तो आणतो. आवाज येत राहिला तर मात्र कोणी काही तपासत नाही.

दुभाषीही एकच नसतो. लिनक्सवरील आजची रचना पाहिली तर मायक्रोफोनपासून मुद्रित फाइलीपर्यंत ध्वनीला चार टप्प्यांतून जावे लागते. प्रथम ध्वनिपत्र, अथवा यूएसबीने जोडलेले मुद्रणयंत्र. दुसरा कर्नलमधील ड्रायव्हर. लिनक्समध्ये ड्रायव्हरांच्या या समूहाला आल्सा म्हणतात. तिसरा ध्वनिसेवक, म्हणजे साउंड सर्व्हर, जो अनेक कार्यक्रमांना एकाच ध्वनिपत्राचा वाटेकरी करून देतो. आणि चौथा स्वतः मुद्रण करणारा कार्यक्रम. स्वनविज्ञानाच्या अभ्यासकांत बहुधा ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा व डेव्हिड वीनिंक यांचा प्राट हा कार्यक्रम प्रचलित आहे. नमुनादर, ध्वनीची उंची आणि वाहिन्यांची संख्या या तिन्ही गोष्टी यांपैकी कोणत्याही टप्प्यावर बदलू शकतात, आणि पुढच्या टप्प्याला त्याची वार्ता नसते.

हे टप्पे एकाच वेळी घडलेले नाहीत. लिनक्सचा आरंभ १९९१ सालचा. हानू सावोलाइनेन यांनी लिहिलेले ओएसएस नावाचे ड्रायव्हर प्रारंभीच्या काळात वापरात होते. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ च्या सुमारास आल्साचे काम सुरू केले आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६ या आवृत्तीबरोबर आल्सा रूढ झाले. लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ हा ध्वनिसेवक त्यानंतरचा, आणि विम टायमन्स यांचा पाइपवायर त्याहूनही नवा. फेडोराने २०२१ मध्ये चौतिसाव्या आवृत्तीपासून, उबुंटूने २०२२ च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीपासून आणि डेबियनने २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून आपल्या जीनोम डेस्कटॉपवर पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आणला. शासकीय कार्यालयांतून दिसणारी, सी-डॅकने तयार केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली असल्याने डेबियनमधील बदल तिच्याही वाट्यास येतात. विभागातील संगणक चार-पाच वर्षांनी एकदाच नव्या आवृत्तीवर नेला जात असेल, तर या घडामोडींतील दोन-तीन पायऱ्या एका रात्रीत ओलांडल्या जातात.

सर्वांत फसवा बदल जुन्या मांडणीच्या फाइलींबाबत घडतो. पल्सऑडिओचा नमुनादर त्याच्या 'डीमन' नावाच्या मांडणी-फाइलीत लिहावयाचा असे. एखाद्या काळजीवाहू पूर्वसूरीने तेथे विभागाचे नियम नीट लिहून ठेवलेले असतात. नवी आवृत्ती आल्यावर ती फाइल जागच्या जागी राहते, तिच्यातील मजकूरही तसाच असतो. फक्त ती वाचणारा कोणी नसतो, कारण पाइपवायर आपली मांडणी दुसऱ्या ठिकाणाहून घेतो. पाइपवायरचा सोबती वायरप्लंबर याच्याबाबत हेच पुन्हा घडले. त्याची पूर्वीची मांडणी लुआ या भाषेत लिहावी लागे. २०२४ मध्ये आलेल्या ०.५ या आवृत्तीने ती रीत सोडून दिली. त्यामुळे डेबियन बाराव्या आवृत्तीवरून २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीवर गेलेल्या संगणकावर जुन्या लुआ फाइली आहेत तशाच राहतात, आणि त्यांचा काहीएक परिणाम होत नाही. फाइल उघडून तिच्यातील आकडे वाचल्याने मांडणी सिद्ध होत नाही, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. प्रत्यक्ष चालू असलेल्या यंत्रालाच विचारले पाहिजे.

विचारण्याची साधने प्रणालीतच आहेत. 'प्रॉक' या शाखेतील 'एसाउंड' कप्प्यात 'कार्ड्स' नावाची फाइल असते; तिच्यात कर्नलला दिसलेली सर्व ध्वनिपत्रे क्रमांकांसह आढळतात. 'एरेकॉर्ड' या आज्ञेला लहान 'एल'चा पर्याय जोडला तर मुद्रणक्षम उपकरणे तेवढी दिसतात. आवृत्ती बदलल्यावर प्रथम येथे पाहावे. मायक्रोफोन या यादीतच नसेल तर दोष कर्नलच्या पातळीवरचा आहे, आणि वरच्या थरांत कितीही कळा दाबल्या तरी त्याने काही साधावयाचे नाही. नव्या धाटणीच्या लॅपटॉपांत आतला मायक्रोफोन थेट अंकरूप ध्वनी देतो आणि त्याला चालविण्यासाठी ड्रायव्हरखेरीज फर्मवेअर नावाचा एक वेगळा घटक लागतो. डेबियनने बाराव्या आवृत्तीत असे मुक्त नसलेले फर्मवेअर एका नव्या, स्वतंत्र विभागात हलविले. पॅकेजांच्या उगमांच्या यादीत त्या विभागाचे नाव घातले नाही, तर बाकी सर्व नवे होते आणि फर्मवेअर जुने राहते. मग पडद्यावर खऱ्या ध्वनिपत्राऐवजी नुसते नामधारी उपकरण दिसू लागते.

ध्वनिपत्र यादीत आहे पण त्याचा क्रमांक बदलला आहे, असेही वारंवार घडते. शून्य, एक, दोन हे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने जागे होतात त्यानुसार पडतात, आणि नव्या कर्नलमध्ये तो क्रम पूर्वीचाच राहील याची शाश्वती नसते. काल ज्या क्रमांकावर यूएसबीचा उत्तम मायक्रोफोन होता, त्याच क्रमांकावर आज लॅपटॉपचा आतला मायक्रोफोन असू शकतो. मुद्रण होते, बोलणे स्पष्ट ऐकू येते. परंतु ते निवेदकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून न घेता टेबलाच्या पलीकडून, पंख्याच्या घरघरीसह घेतलेले असते. यावर उपाय साधा आहे. स्क्रिप्टमध्ये उपकरणाचा उल्लेख क्रमांकाने न करता नावाने करावा. आल्सामध्ये तशी सोय आहे.

त्यानंतर ध्वनीची उंची. 'आल्सामिक्सर' या कार्यक्रमात प्रत्येक वाहिनीचा स्तंभ दिसतो; स्तंभाखाली 'एम' हे अक्षर दोनदा आले असेल तर ती वाहिनी मूक आहे आणि 'एम'ची कळ दाबून ती मोकळी करावी लागते. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. लक्ष जात नाही ते मायक्रोफोनच्या 'बूस्ट' या स्तंभाकडे. हा स्तंभ बहुधा दहा-दहा डेसिबलांच्या पायऱ्यांनी चढतो, आणि दोन पायऱ्या चढला की संकेताचा आयाम दहापट होतो. अशाने मोठ्या आवाजात उच्चारलेले स्वर वरच्या मर्यादेला आदळून चपटे होतात, आणि आघात वा तीव्रता यांची तुलना निरर्थक ठरते. योग्य उंची एकदा ठरविल्यावर 'आल्साकंट्रोल'च्या 'स्टोअर' आज्ञेने ती जतन करावी, आणि तिची संख्या वहीत लिहून ठेवावी. जतन केलेली स्थिती नव्या ड्रायव्हरला लागू पडेलच असे नाही.

नमुनादराकडे आता परत वळू. पल्सऑडिओ सामान्यतः ४४,१०० या दराने चाले. पाइपवायर सामान्यतः ४८,००० या दराने चालतो आणि वेगळी परवानगी न दिल्यास तेवढा एकच दर मान्य करतो. प्राटने ४४,१०० ची मागणी केली तर पाइपवायर मध्येच नमुन्यांची फेरगणना करून तेवढे अंक पुरवितो. स्वरांच्या मोजणीच्या दृष्टीने या फेरगणनेने फारसे बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तिचे गणित चांगले आहे, आणि फॉर्मन्टांचा प्रदेश नमुनादराच्या मर्यादेपासून पुष्कळ खाली असतो. खरा धोका आहे तो ध्वनिसेवकाला वगळून थेट ध्वनिपत्राकडून अंक घेणाऱ्या जुन्या स्क्रिप्टचा. ती 'एरेकॉर्ड'करवी ४४,१०० चा दर मागते, शीर्षक नसलेल्या कच्च्या फाइलीत अंक साठविते आणि मागाहून ४४,१०० चे शीर्षक जोडते. जुना ड्रायव्हर तो दर देत होता. नवा ड्रायव्हर, विशेषतः वर सांगितलेल्या अंकरूप मायक्रोफोनांचा, पुष्कळदा ४८,००० हाच दर जाणतो. दर तंतोतंत मिळाला नाही अशी सूचना 'एरेकॉर्ड' देतो खरा. पण स्क्रिप्टच्या आड ती कोणाच्या नजरेस पडत नाही. लेखाच्या आरंभी कल्पिलेली बोलीसीमा जन्मास येते ती अशी.

चालू मुद्रणाचा खरा दर पाहण्यासाठी 'एसाउंड' कप्प्यातच प्रत्येक ध्वनिपत्राच्या उपकप्प्यात 'एचडब्ल्यू-पॅरम्स' ही फाइल आहे. मुद्रण बंद असताना तिच्यात 'क्लोज्ड' एवढा एकच शब्द असतो. मुद्रण चालू असताना ध्वनिपत्र कोणत्या दराने आणि किती बिटांनी चालले आहे ते तेथे स्पष्ट दिसते. पाइपवायरच्या थरासाठी 'पीडब्ल्यू-टॉप' ही आज्ञा हेच काम करते. दोन्ही दर जुळले, आणि ते तयार फाइलीच्या शीर्षकाशीही जुळले, म्हणजे या बाजूने निश्चिंत व्हावे. ४४,१०० हाच दर राखणे आवश्यक असेल, उदाहरणार्थ जुन्या संग्रहाशी मेळ ठेवण्यासाठी, तर पाइपवायरच्या मांडणीत मान्य दरांच्या यादीत तो घालता येतो. नव्याने सुरू होणाऱ्या संग्रहाने मात्र ४८,००० व २४ बिट हे प्रमाण धरावे. ध्वनिसंग्रहालयांच्या आयासा या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या मुद्रणांचे अंकरूपांतर करण्यासाठी हीच किमान मर्यादा सांगितलेली आहे.

मराठीच्या अभ्यासकाला याहून जवळचा असा एक प्रश्न ब्लूटूथच्या कर्णयंत्रामुळे उभा राहतो. असे यंत्र दोन प्रकारांनी चालते. नुसते ऐकावयाचे असेल तेव्हा ते चांगल्या प्रतीचा ध्वनी देते. मायक्रोफोनही वापरावयाचा झाला की ते दूरध्वनीच्या पद्धतीवर उतरते, आणि त्या पद्धतीत नमुनादर बहुधा ८,००० किंवा १६,००० असतो. वायरप्लंबर हे परिवर्तन आपण होऊन करतो. एखाद्या कार्यक्रमाने मुद्रणाची मागणी करताच जोडलेले कर्णयंत्र दूरध्वनीच्या पद्धतीवर जाते. नमुनादराच्या निम्म्याहून वरच्या कंपनसंख्या मुद्रित होऊ शकत नाहीत, म्हणजे ८,००० च्या दराला ४,००० हर्ट्झच्या वर काहीही उरत नाही. स्वर बहुतांशी शाबूत राहतात. परंतु 'चार' मधील तालव्य च आणि 'चारा' मधील दंतमूलीय च, तसेच 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा यांतील दोन ज, यांना परस्परांपासून वेगळे करणारी घर्षणाची ऊर्जा बरीचशी याच सीमेच्या वर असते; दंतमूलीय उच्चारात तर विशेषच. स आणि श यांचेही तेच.

अशा मुद्रणावरून देगलूर-बिलोलीकडे दोन्ही च एक होत चालले आहेत असे भासले, तर त्याचे स्पष्टीकरण तेलुगूच्या संपर्काने देणे किती सोपे आहे! तेलुगूतही च-ज यांचे दंत्य व तालव्य असे दोन्ही उच्चार आहेत, पण त्यांची वाटणी पुढील स्वरावर अवलंबून असते. मराठीत मात्र हा भेद अर्थभेदक आहे. एका भाषेतील परिसरनियत भेद दुसरीतील अर्थभेदक भेदाला दुर्बळ करतो, हा युक्तिवाद शास्त्राला धरून आहे आणि एखादे वेळी खराही ठरेल. म्हणूनच त्याच्यासाठी लागणारा पुरावा ४,००० हर्ट्झवर छाटलेला असता कामा नये. पूर्वी दूरध्वनीवरून घेतलेल्या मुलाखतींच्या बाबतीत ही मर्यादा अभ्यासक जाणून असत; मुद्रण समोरासमोर बसून झाले असेल तर ती कोणाच्या ध्यानात येत नाही. तपासणीचा मार्ग सोपा आहे. प्राटमध्ये वर्णपट उघडावा. ठरावीक रेषेच्या वर सर्वत्र कोरा पांढरा पट्टा दिसला तर नमुनादर शीर्षकात ४८,००० लिहिलेला असला तरी खरा नव्हे.

लिनक्सखेरीज इतर युनिक्सवंशीय प्रणालींत मांडणीची नावे निराळी आहेत. फ्रीबीएसडीने ओएसएसची परंपरा चालू ठेवली असून तेथे 'साउंडस्टॅट' या उपकरण-फाइलीवरून ध्वनिपत्रे समजतात आणि प्रमुख ध्वनिपत्र 'सिसकंट्रोल'च्या एका संख्येने ठरते. ओपनबीएसडीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्या प्रणालीने ऑक्टोबर २०१८ मधील ६.४ या आवृत्तीपासून, वापरणाऱ्याच्या नकळत मायक्रोफोन उघडा राहू नये म्हणून, ध्वनिमुद्रण मुळातच बंद ठेवले. मुद्रणाची आज्ञा यशस्वी होते, फाइल तयार होते, तिची लांबीही बरोबर असते. आत मात्र निखळ शांतता असते. 'कर्न-ऑडिओ-रेकॉर्ड' ही संख्या एक केली की मुद्रण सुरू होते. मॅकओएसवरही २०१८ च्या मोजावे या आवृत्तीपासून प्रत्येक कार्यक्रमाला मायक्रोफोनची वेगळी परवानगी द्यावी लागते. अर्ध्या तासाच्या मुलाखतीनंतर अशी फाइल उघडण्याचा प्रसंग ज्याच्यावर येईल त्याला निवेदकाची क्षमा मागण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून पहिल्या मिनिटाचे मुद्रण ऐकून पाहिल्याशिवाय मुलाखत पुढे नेऊ नये.

विभागांच्या कपाटांतून पडून असलेल्या जुन्या कॅसेटींचा विचारही येथे केला पाहिजे, कारण त्यांचे अंकरूपांतर हटकून प्रयोगशाळेतल्या संगणकावर होते. क्षेत्रकार्यात हातात मावणारे स्वतंत्र मुद्रणयंत्र वापरले तर वर वर्णिलेल्या संकटांतून बहुतांशी सुटका होते, आणि ते शक्य असेल तेथे तेच करावे. कॅसेटीला हा मार्ग क्वचितच मिळतो. टेपरेकॉर्डरचा संकेत मायक्रोफोनपेक्षा कितीतरी प्रबळ असतो. लॅपटॉपांतील एकच छिद्र कधी मायक्रोफोनचे तर कधी लाइनचे काम करते, आणि ते कोणत्या कामाला लावावयाचे हे ड्रायव्हर ठरवितो. नव्या ड्रायव्हरने ते मायक्रोफोनचे मानले तर बूस्टसह आलेला संकेत फाटून जातो. जुनी फीत प्रत्येक वाजविण्यात थोडी झिजत असल्याने दुसरा प्रयत्न पहिल्याइतका चांगला होत नाही. म्हणून तपासणी कोऱ्या वा बिनमहत्त्वाच्या कॅसेटीवर करावी.

नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी आणि बसविल्यानंतर एकाच माणसाच्या तोंडून, त्याच खोलीत, त्याच मायक्रोफोनवर दहा-बारा शब्दांची एक यादी मुद्रित करून ठेवली तर दोन आवृत्तींची तुलना निवेदकांवर अवलंबून राहत नाही. 'चार' आणि 'चारा', 'वेल' आणि 'वेळ', 'नाणी' आणि 'न्हाणी' या जोड्या तीत असाव्यात. शेवटच्या जोडीतील महाप्राण अनुनासिक ध्वनीला पार्श्वभूमीचा आवाज दाबणारी साधने फार लवकर इजा करतात. यादीआधी भौतिकशास्त्र विभागातील नादकाटा वाजवून त्याचेही मुद्रण घ्यावे. ५१२ हर्ट्झचा नादकाटा फाइलीत ४७० दाखवू लागला की नमुनादराचा घोटाळा त्याच क्षणी उघडा पडतो. भ्रमणध्वनीवरून वाजविलेला शुद्ध स्वर याच कामाचा आहे, पण त्याच्या आतही एक ड्रायव्हर असतो. नादकाट्यात तो नसतो. मुद्रणाच्या नोंदवहीत निवेदकाचे वय व गाव यांच्याबरोबर कर्नल आणि ध्वनिसेवक यांच्या आवृत्त्या, उपकरणाचे नाव, प्रत्यक्ष पाहिलेला नमुनादर आणि बूस्टची संख्या यांची नोंद एका ओळीत मावते.

ज्यांची मुद्रणे आधीच होऊन गेली आहेत आणि ज्यांत नादकाटा नाही, त्यांना एक अनपेक्षित साक्षीदार सापडू शकतो. विजेच्या जोडणीमुळे मुद्रणात शिरणारी बारीक गुणगुण सर्वांनाच नकोशी असते आणि तिचा दोष उगाच ड्रायव्हरवर येतो. ती बहुधा सदोष अर्थिंगची असते, आणि लॅपटॉप बॅटरीवर घेताच जाते. ही गुणगुण ५० हर्ट्झची व तिच्या पटींची असते, कारण देशातील विद्युज्जालाची कंपनसंख्या ५० च्या अगदी निकट राखलेली असते. शंकास्पद फाइलीच्या वर्णपटात ती रेषा ५० वर असेल तर नमुनादर बरोबर आहे. ४५.९ वर असेल तर ४८,००० चे ४४,१०० झालेले आहेत. अशी फाइल पूर्णपणे दुरुस्त होते. प्राटमधील नमुनादर बदलून लिहिण्याच्या आज्ञेने शीर्षकातील संख्या ४८,००० केली की मूळचे अंक तसेच राहतात, स्वर आपल्या जागी परततात आणि दोन जिल्ह्यांमधील ती रेषा पुसली जाते. भारनियमनाच्या वेळी बॅटरीवर केलेल्या मुद्रणात मात्र हा साक्षीदार मिळत नाही. तेथे आवृत्ती बदलल्याची तारीख आणि मुद्रणाची तारीख यांचा ताळा पाहावा लागतो. आणि जे मुद्रण ८,००० च्या दराने झाले आहे त्यातील 'चारा'चा च कोणत्याही आज्ञेने परत येत नाही. त्या निवेदकाकडे, तो हयात असेल तर, पुन्हा जावे लागते.